कोनाला सांगू नको!

मोऱ्याचे तांडेल कानात बोलले की कोळीवाड्याला कळतं, हळू बोलले की मोरा सागरी पोलीस ठाण्याला कळतं आणि नेहमीसारखे बोलले की समोर घारापुरीची माकडं कान टवकारतात. यात त्यांचा काही दोष नाही. ज्या माणसाची उभी हयात होडीचं सुकाणू धरण्यात गेली, मागे इंजिन धडधडतंय, समोरचा वारा तोंडातला शब्द तोंडातच कोंबतोय आणि तरी नाळेवरच्या खलाशाला "जाळं सोड" म्हणून सांगायचंय, त्याचा गळा वेगळ्याच मापाचा होतो. असा गळा देणाऱ्या देवाने त्यांना पुढे भक्तीसुद्धा द्यायचं ठरवलं आणि भक्तीतला नेमका कुठला प्रकार त्यांच्या वाट्याला यावा? गुप्त सेवा!

आपल्याकडे प्रत्येक बंदरात, प्रत्येक पेठेत असा एक उपकारी माणूस असतो. कुठे तो निवृत्त पोस्टमन असतो, कुठे मास्तर, कुठे एसटीचा कंडक्टर. मोऱ्याच्या वाट्याला तांडेल आले. लक्षण मात्र सगळ्यांचं एकच. तुमच्यासाठी काहीतरी केल्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरत नाही. तुमची गरज काय आहे हे तुम्हाला कळायच्या आत त्यांना कळलेलं असतं आणि गरज नसेलच तर ती कशी उत्पन्न करायची हेही त्यांना ठाऊक असतं.

मोरा म्हणजे उरणचं बंदर. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडली की पाऊणएक तासात माणूस इथे उतरतो, निदान उतरावा अशी अपेक्षा असते. एका अंगाला नौदल, दुसऱ्या अंगाला 1989 साली सुरू झालेलं न्हावा-शेव्याचं मोठं बंदर, पाठीशी ओएनजीसी, आणि या तीन दांडग्या शेजाऱ्यांच्या मधोमध कोळीवाडा आपली जाळी सुकवत बसलेला. खाडीत गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्यापर्यंत पोचतच नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती येते भर दुपारी आणि मध्यरात्री. ओहोटी पडते नेमकी सकाळ-संध्याकाळ, म्हणजे चाकरमान्यांच्या येण्याजाण्याच्या वेळेला. तेव्हा समुद्र असतो, लाँच असते, धक्काही असतो. फक्त तिघांची गाठ पडत नाही. अशा जागी उपकारी माणसाला काम कमी पडण्याचं कारण नव्हतं.

पण तांडेल मुळात उपकारी नव्हतेच. होडी मुलांच्या ताब्यात दिली तेव्हा त्यांना वाटलं, आता आराम. तो आराम जेमतेम तीन दिवस टिकला. चौथ्या दिवसापासून ते धक्क्यावर बसून आल्यागेल्या होडीला सूचना देऊ लागले. कुणाच्या पोराला अजून नांगर नीट टाकता येत नाही, कुणाचं जाळं भलत्याच जागी फाटलंय, कुणी बर्फ किती कमी भरलाय, या सगळ्याचा जाहीर पंचनामा व्हायचा. शेवटी शेवटी होड्या धक्क्याला लागण्याआधी लांबूनच बघून घ्यायच्या, म्हातारा बसलाय का उठलाय. संध्याकाळी तांडेलांची उरणच्या बाजूला एक फेरी व्हायची आणि परत येताना त्यांना रस्ता फार अरुंद वाटायचा. आपलं काम संपलं, एवढं माणूस सोसतो. आपल्यावाचून ते सुरळीत चाललंय, हे काही केल्या सोसवत नाही.

अशात कुणीतरी त्यांना स्वाध्याय केंद्रावर नेलं. नेणाऱ्याच्या मनात धर्मकार्य होतं की धक्क्याला घटकाभर शांतता मिळावी एवढाच हेतू होता, यावर कोळीवाड्यात आजही दोन तट आहेत.

स्वाध्यायाचे प्रणेते पांडुरंगशास्त्री आठवले, म्हणजे सगळ्यांचे दादा, हे आपल्याच रायगडचे. रोह्याचा जन्म, 19 ऑक्टोबर 1920. मुंबईत माधवबागेतल्या गीता पाठशाळेत त्यांनी वर्षानुवर्षं प्रवचनं केली. पण तांडेल काही गीतेच्या अठरा अध्यायांवर भाळले नाहीत. पहिले दोन-तीन रविवार ते मागच्या भिंतीला टेकून डुलक्या काढत होते. एका रविवारी 'मत्स्यगंधा' हा शब्द कानावर पडला आणि डुलकी मोडली. दादांनी शेतकऱ्यांना योगेश्वर कृषी दिली, तशी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना मत्स्यगंधा. सगळ्यांनी मिळून एक होडी चालवायची. ती कुणा एकाच्या मालकीची नाही, देवाची. पाळीपाळीने जो तो आपले काही दिवस देऊन तिच्यावर जायचं, तेही खलाशी म्हणून नाही, पुजारी म्हणून. जे मिळेल ती देवाची लक्ष्मी. त्यातून ज्याला नड असेल त्याच्या घरी प्रसाद पोचवायचा, आणि तोही असा की घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये. कोळ्यांमधल्या या कामावर श्याम बेनेगलांनी 1991 साली 'अंतर्नाद' नावाचा सिनेमा काढला होता. पुढे दादांना 1996 साली मॅगसेसे आणि 1997 साली टेंपलटन पुरस्कार मिळाला. तांडेल या दोन पुरस्कारांचा उल्लेख 'मनिलाचं' आणि 'विलायतेचं' असा करतात आणि ते जणू मोऱ्याच्याच पत्त्यावर आल्यासारखा करतात.

तर होडी म्हणजे देऊळ, हे ऐकून सगळं केंद्र भारावलं. तांडेल मात्र हबकले. घरी आले, जेवले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. बायकोने विचारलं तर म्हणाले, "अगो, इतकी वर्सं मी देवलात शिव्या घातल्या!"

हिशेब खराच मोठा होता. तांडेलांच्या शिव्या किनाऱ्यावर नावाजलेल्या. करंज्याची पोरं म्हणे त्या शिकायला येत. नांगर अडकला, जाळं फाटलं, डिझेल संपलं, खलाशी झोपला, प्रत्येकाची शिवी स्वतंत्र आणि प्रत्येकीत समोरच्याच्या तीन पिढ्या. एवढं सगळं भर गाभाऱ्यात झालं म्हटल्यावर प्रायश्चित्त तेवढंच दणकट हवं. त्या रात्री तांडेलांनी ठरवलं की उरलेलं आयुष्य लोकांच्या उपयोगी पडायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही. हा निश्चय त्यांनी ओट्यावर बसून बायकोला सांगितला. सकाळी दळणाच्या रांगेत त्याचीच चर्चा होती.

स्वाध्यायात त्रिकाल संध्या असते. उठताना, जेवताना आणि झोपताना देवाची आठवण करायची. त्याने जागं केलं, अन्न पचवलं, झोप दिली, म्हणून कृतज्ञ राहायचं. करायला सोपी, मनातल्या मनात जमणारी गोष्ट. तांडेलांची उठतानाची कृतज्ञता पहाटे चारला होते. त्यांच्या आळीत गजराचं घड्याळ कुणी विकत घेत नाही. झोपतानाची झाली की शेजारपाजारची पोरं टीव्ही बंद करतात, कारण नंतर तसंही काही ऐकू येत नाही.

पण खरी परीक्षा गुप्त सेवेत होती. धान्य गुपचूप देता येतं, पैसे गुपचूप देता येतात, ताजं म्हावरं गुपचूप देता येत नाही. ही अडचण कुठल्या धर्मग्रंथाने विचारात घेतली आहे असं दिसत नाही. रात्रीच्या काळोखात एखाद्या नडलेल्या दारात कोळंबीचा वाटा ठेवून निघून जावं, तर पाच मिनिटांत मांजरांची पंगत बसते. पुण्य लागतं, पण ते मांजरांचं.

म्हणून तांडेलांनी स्वतःची एक रीत बसवली. मुलांची होडी पहाटे लागली की त्यातला एक वाटा ते केळीच्या पानात बांधतात. पायातल्या चपला हातात घेतात, कारण त्यांचा आवाज होतो. मग आळीतून चोरपावलांनी निघतात आणि मागे सात-आठ मांजरं रांगेने निघतात. दिंडीच ती. तांडेल मागे वळून "शुक! शुक!" करतात तेव्हा दोन-तीन घरांतले दिवे लागतात आणि मालकाने बाहेर बघून खात्री करून घेतली की पुन्हा विझतात. ठरलेल्या दारात वाटा ठेवायचा, कोपऱ्यावरच्या सुकत्या जाळ्यामागे उभं राहायचं आणि दार उघडेपर्यंत मांजरांवर लक्ष ठेवायचं. दार लवकर उघडलं नाही तर जाळ्यामागून खोकायचं. तरीही नाही उघडलं तर ओरडायचं, "अगो, दारात बघ कोनीतरी कायतरी ठेवलंय!"

यापुढचा भाग त्या घरातल्या माउलीचा. ती दार उघडते, डोळे चोळते, पान उचलून आश्चर्य करते, "बाई बाई, एवढ्या पहाटे कोण ठेवून गेलं?" मग तांडेल जाळ्यामागून सहज फिरायला निघाल्यासारखे बाहेर येतात. पहाटे साडेचारला, चपला हातात घेऊन.

"काय गो, काय झालं?"

"बघा ना मामा, कुणी म्हावरं ठेवलंय."

"देवानं ठेवलं आसंल. गुपचूप घे. कोनाला सांगू नको!"

या शेवटच्या वाक्याने उरलेली आळी उठते.

समुद्रावर गेलेला नवरा परत आलाच नाही अशी एक म्हातारी त्या आळीत राहते. हे नाट्य तिने इतक्या वेळा पार पाडलंय की आता ती त्यात रमते. एकदा पान उचलून, उघडून बघून, आकाशाकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "देवा, तुझे उपकार हायत रं, पन परवाची मांदेली लय बारीक व्हती!" जाळ्यामागे काही क्षण शांतता. दुसऱ्या खेपेला सुरमईची तुकडी आली. देव प्रार्थना ऐकतो याबद्दल त्या आळीत आता कुणाला शंका नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि कोळीवाड्यात नड असते ती नेमकी याच दोन महिन्यांत. तेव्हा तांडेलांच्या पानात सुके बोंबील असतात. सुक्या बोंबलाचं दान गुप्त ठेवायचा विचार फक्त श्रद्धावान माणूसच करू शकतो.

आता इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. हे गुपित ठेवतं कोण? तांडेल तर नक्कीच नाही. ते ठेवतो सगळा कोळीवाडा. कुणाच्या घरी काय पोचलं हे सगळ्यांना ठाऊक, पण आजतागायत पाणवठ्यावर, दुकानात, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत एका शब्दाने त्याचा उल्लेख नाही. ज्याच्या घरी वाटा आला त्याला कुणी "काय रे, काल सुरमई का?" असं विचारत नाही. तांडेलांना "काय मामा, पहाटे कुठं?" असं विचारत नाही. भांडणात माणूस सगळं बाहेर काढतो, नळावरच्या भांडणात तर आजोबांची उधारीसुद्धा निघते, पण पान निघत नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये ही दादांची अट तांडेलांच्या गळ्याने रोज मोडते आणि आळी ती रोज जोडून घेते.

ही व्यवस्था एकदाच धोक्यात आली. पनवेलहून नवी सून आली होती. शिकलेली, स्पष्टवक्ती. नवऱ्याच्या पायाला जाळ्याच्या दोराने जखम झाली, महिनाभर तो घरी. तेव्हा दारात पान आलं. सुनेने दार उघडलं, थेट जाळ्याकडे गेली आणि म्हणाली, "मामा, तुम्हीच ठेवलंत ना? फार आभारी आहे. थांबा, चहा घेऊन जा." आळीतले सगळे दिवे एकदम विझले. तांडेलांनी काही न बोलता चपला पायात घातल्या आणि ते निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते धक्क्यावर गप्प बसून होते. होड्या लागल्या, कुणी नांगर चुकीचा टाकला, तांडेल गप्प. एका पोराने तर मुद्दाम चुकीचा टाकून पाहिला. शेवटी आळीतल्या बायकांनी सुनेला बसवून घेतलं. म्हातारी म्हणाली, "सूनबाय, देवाला नाव इचारायचं नसतं. त्याला लाज वाटते." पुढच्या खेपेस पान आलं तेव्हा सुनेने पदर डोक्यावर घेतला, आळीला ऐकू जाईल असं आश्चर्य केलं आणि वर स्वतःची भर घातली, "अगंबाई, माणूस का देव?" तांडेल इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी सहा होड्यांना नांगर कसा टाकावा ते शिकवलं.

गुप्त सेवेखेरीज तांडेलांचा एक उघडा विभाग आहे, तो धक्क्यावर चालतो. लाँचमधून उतरणाऱ्याच्या हातातली पिशवी ते विचारून घेत नाहीत. विचारलं तर समोरचा "नको" म्हणतो आणि सेवा बुडते. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, बॅग गेली. तो मागे धावतो, तांडेल पुढे धावतात, कारण त्यांना वाटतं पाहुण्याला घाई आहे. रिक्षापर्यंत पोचेस्तोवर दोघांनाही धाप लागलेली असते. भरतीची वेळ विचारणाऱ्याला भरतीची वेळ मिळतेच, शिवाय अष्टमीचा भांग, पौर्णिमेचं उधाण आणि गाळ काढण्याबद्दल त्यांची मतं, असं सगळं मिळतं. तोवर बऱ्याचदा भरती येऊन गेलेली असते.

याच विभागात मामांचं प्रकरण घडलं. घारापुरी बेटावर तीन वस्त्या आहेत: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. म्हणजे मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहून समोर बघितलं तर समुद्रापलीकडे आणखी एक मोरा आहे. एका रविवारी मुंबईहून एक गृहस्थ आले. अंगात कोट, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी तांडेलांना विचारलं, "मोरा बंदरला जायचंय, कुठून जाऊ?" ते उभे होते मोरा बंदरातच. पण आपण जिथे उभे आहोत तिथेच जायचंय असं कुणी विचारत नाही, हे तांडेलांचं तर्कशास्त्र. त्यांनी गृहस्थांची पिशवी घेतली, बेटावरच्या लोकांची होडी सुटत होती तीत त्यांना चढवलं, भाडं आपल्या खिशातून दिलं आणि होडीवाल्याला बजावलं, "पाव्हना हाय, संबालून ने. कोनाला सांगू नको भारं मी दिलं म्हनून!"

गृहस्थ कोळीवाड्यातल्या एका लग्नाला आलेले मुलीचे मामा होते. मुहूर्त जवळ आला तेव्हा ते घारापुरीच्या पायऱ्या चढून लेण्यात तीन मुखांच्या सदाशिवासमोर उभे होते आणि लग्नघर कुठे दिसत नाही म्हणून पेढे माकडांनी नेल्याचं दुःख करत होते. इकडे मांडवात मुलीला आणायला मामा नाही म्हणून हाहाकार. ही खबर कळताच तांडेल धावत आले, अंगावर कुणाचा तरी शर्ट चढवला आणि मामाचं काम स्वतः पार पाडलं. मंगलाष्टकं त्यांनीही म्हटली, त्यामुळे भटजींना थोडी विश्रांती मिळाली. संध्याकाळी खरे मामा परतले. भांडायचं त्यांच्या फार मनात होतं, पण भाडं ज्याने दिलं, लग्न ज्याने लावलं, पिशवी ज्याने उचलली, त्याच्याशी भांडायचं कुठल्या मुद्द्यावर? शिवाय दर्शनही झालं होतं. आता ते दरवर्षी महाशिवरात्रीला घारापुरीच्या जत्रेला येतात आणि जाताना मोऱ्यावरूनच जातात. तांडेलांची गाठ पडू नये म्हणून आधी फोन करून विचारून घेतात, एवढंच.

स्वाध्यायी लोक भक्तिफेरीला परगावी जातात. स्वतःच्या खर्चाने जायचं, डबाही आपलाच न्यायचा, घरोघर जाऊन माणसांची चौकशी करायची, त्यांच्या आतल्या देवाला नमस्कार करायचा. घेणं नाही, देणं नाही, उपदेश नाही. तांडेल पहिल्यांदा घाटावरच्या एका गावी गेले, तेव्हा पहिल्याच घरासमोर उभं राहून त्यांनी आपुलकीने हाक मारली, "कसं काय, बरं हाय ना?" तेव्हा शेजारच्या दोन घरांतले पुरुष काठ्या घेऊन बाहेर आले. गैरसमज मिटला तेव्हा डबे उघडले गेले. तांडेलांच्या डब्यात बायकोने त्या दिवसापुरती भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती. मासळी द्यायची नाही, ही गोष्ट तांडेलांना सुचली नव्हती, तिला सुचली.

या बायकोबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, फार सांगितलं तर ती रागावेल. ती रेवदंड्याच्या धर्माधिकाऱ्यांच्या बैठकीला जाते, दासबोधाचं निरूपण ऐकते. म्हणजे एकाच घरात भक्तीची दोन खाती. बैठकीची माणसं स्वच्छतेला नाहीतर झाडं लावायला निघाली की ती सकाळी डबा करून निघते आणि संध्याकाळचा भात लावायच्या वेळेला परत आलेली असते. कुठे गेली होती हे तांडेलांना झाडाला पालवी फुटल्यावर कळतं. तांडेल ज्या घरी पहाटे पान ठेवतात, त्या घरी तांदूळ आदल्या दिवशीच गेलेले असतात, कारण नुसतं म्हावरं खाणार कशाशी? ते तांदूळ कोण देतं हे आळीत खरोखरच कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मी मोऱ्याचा नाही.

2024 च्या जानेवारीत उरणपर्यंत रेल्वे आली आणि त्याच दिवसांत शिवडी ते न्हावा-शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतूही खुला झाला. उरणकरांनी पेढे वाटले. तांडेलांनीही घेतले, पण तोंड गोड झालं नाही. ओहोटीला न रुसणारं वाहन मिळाल्यावर लाँचला पूर्वीची गर्दी कुठून राहणार? उचलायला पिशव्या कमी पडू लागल्या. कुणाला भरतीची वेळ विचारायचं कारण उरलं नाही. सेवेचं क्षेत्र आपल्याकडे येत नाही तर आपण त्याच्याकडे जाऊ, म्हणून तांडेल थेट उरण स्टेशनात गेले. तिथे सगळं पाट्यांवर लिहिलेलं. आता कुठली गाडी, पुढची कधी, शिवाय यंत्र बोलून सांगतं. दोन दिवस तांडेल त्या यंत्राशी स्पर्धा करत उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की इथून काही गाड्या नेरूळला जातात आणि काही बेलापूरला, आणि घाईत माणसं भलतीतच बसतात. त्यांचा चेहरा उजळला. आता ते गाडी सुटायच्या बेताला फलाटावर उभे राहून गर्जतात, "ही बेलापूरची हाय! नेरूलवाल्यांनी उतरा!" एकदा त्यांचं ऐकून नेरूळवाले उतरले आणि गाडी नेरूळला गेली. पण उतरलेल्यांना पुढची गाडी येईपर्यंत तांडेलांनी चहा पाजला आणि हे कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. ते तिथल्या यंत्राला जमण्यासारखं नव्हतं.

परोपकारी माणसांना आपण हसतो, आणि हसण्यासारखं ते करतातही. पण तांडेलांचा धक्क्यावर रागाने बसलेला चेहरा ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा. तो माणूस आता पहाटे चारला उठतो, कारण उठण्यासारखं काहीतरी आहे. उरणची संध्याकाळची फेरी कधी बंद झाली हे त्याच्या लक्षातही नाही, कारण लवकर झोपावं लागतं. त्याला असं वाटतं की तो आळीला सांभाळतो. आळीला वाटतं की ती त्याला सांभाळते. दोन्ही खरं आहे, आणि या हिशेबात कुणाची बाकी कुणाकडे किती, हे कुणी मांडून ठेवत नाही. द्यायला श्रद्धा लागते हे प्रवचनात सांगतात. घ्यायला किती लागते, हे पहाटे साडेचारला दार उघडून आश्चर्य करणाऱ्या बाईला विचारावं. झोपमोड झालेली, घरात नड, आणि तरी तिने चेहऱ्यावर असा भाव आणायचा की समोरच्या म्हाताऱ्याला वाटावं, आपल्याला कुणी ओळखलं नाही. यापेक्षा मोठं दान मोऱ्यात कुणी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर छापण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवावं, म्हणून मी तांडेलांकडे गेलो. त्यांनी धक्क्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मांजरांच्या दिंडीला खदखदून हसले, नेरूळच्या गाडीला हळहळले, सुनेच्या गोष्टीला "पोरगी गुनी हाय" म्हणाले. मग बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "ह्यो मानूस कुठल्या बंदराचा?"

मी म्हटलं, असाच, इकडचाच कुठला तरी.

"मानूस देवाचा हाय, पन बोलतो फार," तांडेल म्हणाले. "त्याला भेटून जरा समजावला पायजे. गुप्त सेवा असं बोंबलून करतात काय?" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या कानाशी तोंड आणलं, आणि लाँचमधून उतरणारी सगळी माणसं थबकून आमच्याकडे बघू लागली.